एका सुताचा दांडा

बेंगळुराबाहेर आनेकलच्या रस्त्यावर एका पडीक शेतात दर रविवारी सकाळी सात-आठ माणसं जमत. सगळी चाळिशीच्या पुढची, डोक्यावर परदेशी टोप्या, हातात लांब अँटेनाचे रिमोट. समोर मातीत हातभर लांबीच्या गाड्या उड्या मारत पळत. मागची चाकं मोठी, त्यांना रबरी काटे, पुढची चाकं लहान, आणि वर पातळ प्लास्टिकचं रंगीत टरफल. या गाड्यांना बगी म्हणायचं. खेळणं म्हणायचं नाही. दुकानात मिळतं ते खेळणं, ही 'हॉबी-ग्रेड', हे मला पहिल्याच दिवशी तिघांनी वेगवेगळं समजावलं. म्हणजे काय, तर ही खोक्यातून सुट्या भागांत येते आणि मालकाने ती स्वतः बांधायची असते. तिचा प्रत्येक स्क्रू काढता येतो, प्रत्येक भाग बदलता येतो. बांधण्यातच सगळी मजा आहे, असं ते म्हणाले.

त्यांच्यापैकी एकानेही आपली गाडी स्वतः बांधली नव्हती. एकाची त्याच्या फॅक्टरीतल्या इलेक्ट्रिशियनने जोडून दिली होती. दुसऱ्याची सिंगापूरच्या दुकानदाराने. तिसऱ्याचा ड्रायव्हर झाडाखाली बसून बॅटऱ्या चार्ज करत असे, आणि गाडी उलटली की तोच पळत जाऊन ती सरळ करत असे. मालक रिमोटची कांडी दोन बोटांनी हलवत आणि मग एकमेकांना सस्पेन्शनबद्दल सांगत.

कदाचित मी त्यांच्यावर अन्याय करतो आहे. पण नव्वदच्या दशकाच्या मधल्या त्या वर्षात माझं काम त्यांच्याकडे अडलं होतं, आणि काम अडलेल्या माणसाला समोरच्याचे दोष फार स्वच्छ दिसतात.

काम असं होतं. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट कुठल्यातरी कंपनीत करायचं, आणि त्यासाठी कंपनीच्या लेटरहेडवर संमतीचं पत्र आणायचं, असा आमच्या कॉलेजचा नियम होता. पत्र नाही तर प्रोजेक्ट नाही, प्रोजेक्ट नाही तर डिग्री एक वर्ष लांबली. वर्गातल्या बहुतेकांना काका होते, आत्याचे यजमान होते, वडिलांचे मित्र होते. आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारा मी पहिला. अण्णा, म्हणजे माझे वडील, पीण्या या बेंगळुरातल्या कारखान्यांच्या वस्तीत एका लहानशा शेडमध्ये लेथवर टर्नर होते. त्या शेडला लेटरहेड नव्हतं. पत्र्यावर रंगवलेलं नाव होतं, तेही पावसाने अर्धं गेलेलं.

बोम्मसंद्र्याच्या एका प्लॅस्टिकच्या कारखान्याचे मॅनेजर आमच्या कॉलेजात पाहुणे म्हणून भाषणाला आले होते. पुण्याचे. बेंगळुरात येऊन त्यांना दोन वर्षं झाली होती, आणि दोन वर्षांत त्यांनी शहराबद्दल जी मतं बनवली होती ती आम्हाला चार पिढ्यांत बनवता आली नव्हती. भाषण संपल्यावर मी त्यांना गाठलं आणि मराठीत बोललो.

"अरे वा, मराठी?" ते म्हणाले. "कुठला तू?"

"इथलाच की सर."

"'इथलाच की'," त्यांनी माझ्याच चालीवर म्हणून दाखवलं आणि शेजारच्या प्राध्यापकांकडे बघून हसले. "हे यांचं मराठी बघा. गोड आहे पण. अर्धं कन्नड."

मी पण हसलो. प्रोजेक्टचं विचारलं. त्यांनी माझे हात बघितले. खरंच बघितले, तळवे उलटे-सुलटे करून, आणि विचारलं, "बारीक काम जमतं का रे? स्क्रू-ड्रायव्हर वगैरे?"

त्यांच्याकडे एक जुनी जपानी बगी होती. सिंगापूरहून आणलेली, सहा वर्षं माळ्यावर पडलेली. ती त्यांना पुन्हा उभी करून हवी होती. "विंटेज आहे," ते म्हणाले. मी हिशोब केला तर गाडी दहा-अकरा वर्षांची निघाली. आमच्या घरचा स्टोव्ह तिच्यापेक्षा वयाने दुप्पट होता आणि त्याला कुणी विंटेज म्हटलं नव्हतं. "कंपनीने मॉडेल बंद केलंय. पार्ट मिळत नाहीत. तू ती एकदम ओरिजिनल कर. पुढच्या महिन्यात आमची जुन्या गाड्यांची रेस आहे, त्यात ती पळाली की सोमवारी येऊन पत्र घेऊन जा."

तेव्हा ती अट मला उदार वाटली.

गाडी मी घरी आणली आणि व्हरांड्यात चटईवर वर्तमानपत्र पसरून सोडली. सोडली म्हणजे उघडली. आमच्या घरात यंत्र उघडण्याला सोडणं म्हणतात. चार आठवडे मी कॉलेजातून येऊन उजेड असेपर्यंत तिच्यापुढे बसत होतो. आई म्हणायची, "एवढं त्या देवघरापुढे बसला असतास तर."

काम मला आवडलं, हे मान्य करायला हवं. आधी स्क्रू. जपानी स्क्रूची चौफुली आपल्याकडच्या स्क्रू-ड्रायव्हरला बरोबर धरत नाही, टोक वर निसटतं आणि डोकं गुळगुळीत होतं. आधी कुणीतरी तो प्रयत्न करून सहा डोकी खाल्लेली होती. मी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक सहाणेवर स्वल्प घासून आखूड केलं, मग तो बसला. एकेक स्क्रू काढून कुठल्या भागाचा ते लिहून रिकाम्या काडेपेट्यांत ठेवला. मागच्या दोन शॉकअॅब्सॉर्बरमधलं तेल गळून गेलं होतं, त्यात शिवणयंत्राचं तेल घालून पाहिलं, फार पातळ पडलं, मग त्यात दाट तेल मिसळत मिसळत जमवलं. वेग कमी-जास्त करायच्या पट्टीवर काजळी चढली होती, ती खोडरबराने घासली. मोडलेला पुढचा आर्म गरम सुईने टाके घालून सांधला.

टरफलाच्या रंगाचं मला सगळ्यात नवल वाटलं. ते पारदर्शक असतं आणि आतून रंगवतात. म्हणजे बाहेरून जे सगळ्यात वर दिसणार ते आधी रंगवायचं, बारीक रेघा आधी आणि मोठा रंग शेवटी. नंबर उलटा काढायचा. मी दोन दिवस आरशापुढे बसून सात उलटा काढायचा सराव केला.

उरला एक भाग. मोटरच्या दांड्यावर एक लहान दातेरी चाक असतं, पिनियन. बोटाच्या पेराएवढं. त्याचे दाते झिजून सुयांसारखे झाले होते. ते मिळत नव्हतं. करून घ्यायला हवं होतं, आणि करून घ्यायचं म्हणजे पीण्यात.

मी कॉलेजच्या पद्धतीने ड्रॉइंग काढलं. मोठा कागद, कडेने चौकट, खाली उजव्या कोपऱ्यात शीर्षकाचा तक्ता, त्यात 'आरेखन' आणि 'तपासणी' या दोन्ही ठिकाणी मीच सही केली. दात्यांची संख्या, बाहेरचा व्यास, सगळं. मधल्या भोकासाठी मोटरचा दांडा मोजायला लॅबमधला व्हर्नियर मागून आणला. तो म्हणाला, तीन पूर्णांक सतरा मिलिमीटर.

इथे मी थांबलो. जपानी माणूस तीन पूर्णांक सतरा असा आकडा कशाला घेईल? या गाडीतला प्रत्येक स्क्रू तीन मिलिमीटरचा होता. प्रत्येक बेअरिंग पूर्ण आकड्यात होतं. लॅबच्या व्हर्नियरची शेकडो पोरांनी आदळआपट केलेली, त्याला चूक असणारच, आणि व्हर्नियरला चूक असली तर ती वजा करायची हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मी शून्य पॉइंट सतरा वजा केले. भोक तीन मिलिमीटर लिहिलं. त्या वजाबाकीचा मला अभिमान वाटला होता.

कागद आणि मोटर घेऊन मी शेडमध्ये गेलो. अण्णांनी कागद बघितलाच नाही. त्यांनी मोटर उचलली, दांडा अंगठ्याच्या नखावर टेकवून गोल फिरवला आणि म्हणाले, "सूत आहे."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटर आणि वर थोडं. आमच्याकडचे जुने कारागीर सुतात बोलतात, कन्नड सुतार त्यालाच नूलु म्हणतात. मला तो शब्द ऐकूनच लाज वाटायची. वर्गात मी तो चुकून एकदा वापरला होता, आणि मागच्या बाकांवरून "शिंपी आला" असं ऐकू आलं होतं.

"अण्णा, जपानात सूत नसतं," मी म्हणालो. "तिथे सगळं मिलिमीटरमध्ये."

"जपानातलं मला काय माहीत. हा दांडा सूत आहे."

"मी व्हर्नियरने मोजलाय."

"किती आला?"

मी जरा घुटमळलो. "तीन."

शेजारच्या लेथवरचे एक म्हातारे कारागीर हसले आणि कन्नडमध्ये म्हणाले, "अण्णा, मुलगा इंजिनीअर आहे. तुमच्या नखाला त्याने फेल केलं."

अण्णांनी तेव्हा कागद हातात घेतला. सगळा वाचला, म्हणजे आकडे वाचले. मग माझ्या दोन्ही सह्यांवर बोट ठेवून विचारलं, "काढणारा हाच आणि तपासणारा पण हाच?"

"हो."

"सरी, ठीक. कागदावर तीन आहे, तीन देतो."

त्या शेडची ती रीत होती. ड्रॉइंग गिऱ्हाईकाचं, त्याची जबाबदारी गिऱ्हाईकाची. चूक दिसली तर एकदा तोंडाने सांगायचं. ऐकलं नाही तर कागदावर आहे तसं, केसाइतकाही फरक न करता करून द्यायचं. माझ्यासाठी त्यांनी रीत मोडली नाही. दाते शेजारच्या, मीटरची चाकं कापणाऱ्या शेडमधून कापून आणले, बाकीचं स्वतः केलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी ते पिनियन डब्याच्या झाकणात ठेवून मला दिलं. अतिशय सुंदर होतं. भोक तीन होतं.

दांड्यावर ते गेलं नाही.

त्या क्षणी करायची गोष्ट सरळ होती. भोक एवढंसं मोठं करून घेणं अण्णांचं दोन मिनिटांचं काम. ते आतल्या खोलीत चहा पीत बसले होते. पण आत जाऊन मला एक वाक्य बोलावं लागलं असतं, आणि चार वर्षांच्या शिक्षणाने ते वाक्य माझ्यासाठी फार जड करून ठेवलं होतं. मी मोटर घेऊन गच्चीवर गेलो. बॅटरी लावली, दांडा फिरता ठेवला आणि त्याला एमरी कागदाची पट्टी धरली. भोक मोठं करायचं सोडून मी दांडा बारीक करत होतो. कुठल्याही पीण्यातल्या शिकाऊ पोराने हे केलं असतं तर त्याच्या पाठीत बसली असती.

पाऊण तासाने पिनियन बसलं. थोडं डुगडुगत होतं. आतला छोटा स्क्रू घट्ट आवळला, मग कमी डुगडुगायला लागलं. मी स्वतःला सांगितलं की मातीत एवढं चालतं.

रविवारी गाडी सगळ्यांना आवडली. एकाने तिला उचलून, फिरवून, टरफलाखाली वाकून बघितलं आणि "मिंट, एकदम मिंट" म्हटलं, म्हणजे नव्यासारखी. दुसऱ्याने विचारलं, "रंग कुणी केला?" मॅनेजर म्हणाले, "आम्हीच." मी दीड हातावर उभा होतो. आम्ही या शब्दात मी येतो की नाही याचा मी बराच वेळ विचार करत होतो, तोवर अँटेनांना रंगीत फिती बांधून झाल्या आणि रेस सुरू झाली.

पहिली फेरी ती छान गेली. दुसऱ्या फेरीत वळणावर आवाज बदलला. आधी शिट्टीसारखा, मग दळण दळल्यासारखा. तिसऱ्या फेरीच्या मध्यावर गाडी उभी राहिली, आणि मोटर मात्र जागच्या जागी किंचाळत होती. ज्यांचा ड्रायव्हर पळत जाऊन गाड्या सरळ करायचा ते गृहस्थ म्हणाले, "म्हातारीची कवळी पडली." सगळे हसले.

मी ती उचलून आणली. मागचं झाकण काढलं. डुगडुगणाऱ्या पिनियनने आतलं मोठं प्लॅस्टिकचं चाक खाऊन टाकलं होतं, त्याचा पांढरा भुगा सगळ्या गिअरबॉक्समध्ये पडला होता. ते चाक ओरिजिनल होतं. दुसरं मिळणार नव्हतं.

मॅनेजरनी पिनियन चिमटीत धरून उन्हात बघितलं. "हे कुठून आणलंस?"

"करून घेतलं सर."

"कुठे?"

"पीण्यात."

"तरीच." ते बाकीच्यांकडे वळले. "बघा, हे आपलं लोकल काम. आमच्या प्लँटला हेच रोज भोगतोय मी. यांना तीन म्हटलं की हे अंदाजे तीन करतात. हात चालतो, डोकं चालत नाही."

"मेजरमेंटची संस्कृतीच नाही," टोपीवाल्या एकाने मान हलवली. त्याच्या रिमोटवर किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली होती.

मला बोलायला पुरेसा वेळ होता. कुणी मला अडवलं नव्हतं. पिनियन कागदाबरहुकूम आहे, कागद चूक आहे, कागद माझा आहे, एवढंच. मॅनेजरनी माझ्याकडे बघितलं, आवाज मऊ केला आणि विचारलं, "तू त्यांना माप बरोबर दिलं होतंस ना?"

"हो सर," मी म्हणालो.

"मग तुझी काय चूक. ये उद्या. पत्र तयार ठेवायला सांगतो." मग त्यांना काहीतरी सुचलं आणि ते खूश झाले. "तुला विषय पण मिळाला बघ. लहान पुरवठादारांच्या मालातले दोष. आमच्याकडे रिजेक्ट झालेल्या मालाचं कपाटच भरलंय. बस आणि लिही."

गाडी पळाली नव्हती. अट मोडली होती. तरी पत्र मिळालं, कारण त्यांचं जे मत आधीच होतं त्याला मी पुरावा दिला होता.

सोमवारी मी बोम्मसंद्र्याहून दोन बस बदलून पत्र घेऊन घरी आलो. आईने ते देवापुढे ठेवलं. अण्णांनी हात पुसून ते उचललं, लेटरहेडवरचं उठावाचं चिन्ह अंगठ्याने चाचपलं. छपाई त्यांना आवडली. मग विचारलं, "ते बसलं काय?"

"बसलं."

"सुताच्या दांड्यावर तीनचं बसलं?"

मी पत्राच्या रिकाम्या पाकिटाची घडी घालू लागलो.

"दांडा घासलास," ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं. आणि मग ते हसले. त्यांचं ते हसणं मी कधी विसरलो नाही, कारण त्यात माया अजिबात नव्हती. शेडमध्ये दुसऱ्याच्या पोराने जॉब बिघडवल्यावर ते असंच हसत. "चार वर्षं शिकवून यांनी तुला दांडा घासायला लावला. मला आधी सांगितलं असतं तर मी आठवीतच शिकवलं असतं."

"मी त्यांना सांगितलं नाही," मी म्हणालो. "की कागद माझा होता. त्यांना वाटतंय तुमच्या शेडची चूक आहे."

अण्णांनी पत्र पुन्हा देवापुढे ठेवलं, सरळ करून. "शेडचं नाव सांगितलंस?"

"नाही."

"मग असू दे," ते म्हणाले आणि अंघोळीला गेले. त्यानंतर दोन-तीन आठवडे ते माझ्याशी गिऱ्हाईकाशी बोलावं तसं, व्यवस्थित आणि थोडक्यात बोलत होते.

प्रोजेक्ट सुरू झालं. रिजेक्ट मालाचं कपाट खरंच भरलेलं होतं. प्रत्येक पिशवीत नाकारलेले भाग, नाकारल्याची चिठ्ठी आणि ड्रॉइंगची घडी. मी एकेक पिशवी काढून भाग मोजत गेलो, आणि या वेळी व्हर्नियर जे म्हणेल ते लिहीत गेलो. चौथ्या का पाचव्या पिशवीत मला ओळखीची गोष्ट दिसली. भाग कागदाबरहुकूम होता, कागद चूक होता. पुढे अशा बऱ्याच पिशव्या निघाल्या. काहींच्या ड्रॉइंगवर काढणारा आणि तपासणारा यांच्या सह्या एकाच हाताच्या होत्या.

मी मॅनेजरकडे गेलो. त्यांच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात ती बगी ठेवलेली होती, खाली छापील पट्टी: पूर्णपणे रिस्टोअर केलेली. आत गिअरबॉक्स रिकामा होता. बाहेरून कळत नव्हतं.

"सर, त्या पिनियनचं," मी सुरुवात केली. "ते वर्कशॉपने बरोबर केलं होतं. ड्रॉइंगमध्ये मी चुकलो होतो. वर्कशॉप माझ्या वडिलांचं... म्हणजे वडील तिथे कामाला आहेत."

"कुठलं पिनियन?" ते म्हणाले.

मी गाडीकडे बोट दाखवलं.

"अच्छा, ते. अरे, सोड." त्यांना वडिलांचं ऐकू आलं होतं की नाही मला कळलं नाही. "दुसरी येतेय माझी, नवीन, चारही चाकांवर चालणारी."

मग मी पिशव्यांचं सांगितलं. ते त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"हे बघ, तू म्हणतोस ते असेलही. पण रिपोर्टमध्ये घालू नकोस. कन्क्लूजन बिघडेल."

पंधरा दिवस मी ते न घालता लिहायचा प्रयत्न केला, कारण सही त्यांचीच हवी होती. सही नाही तर पत्राचाही उपयोग नव्हता. मग घातलं. वेगळं प्रकरण करायचं धैर्य झालं नाही. शेवटून तिसऱ्या पानावर, 'नाकारलेल्या मालापैकी काही भाग ड्रॉइंगनुसार योग्य असून ड्रॉइंगच सदोष आढळले' असा परिच्छेद आणि खाली त्या पिशव्यांची यादी. रिपोर्ट मी सहीसाठी दिला. मॅनेजरनी फोनवर बोलता बोलता पानांच्या कोपऱ्यांवर सह्या केल्या, त्या पानावरही केली, आणि हाताने जा अशी खूण केली. मी इतके दिवस ज्याला घाबरत होतो तो माणूस वाचतच नव्हता.

बांधून आलेली प्रत मी घरी नेली. अण्णांना इंग्रजी वाचता येत नसे, म्हणून ते पान काढून मी त्यांना मराठीत सांगितलं. त्यांनी यादीवरून बोट फिरवलं. एका पिशवीतलं माप त्यांना ओळखीचं वाटलं; तो जॉब शेजारच्या शेडने केला होता आणि परत आला होता, असं म्हणाले. मग त्यांनी अख्खी प्रत तळहातावर ठेवून वजन केल्यासारखी हलवली.

"हे सांगायला एवढी पानं लागली?" ते म्हणाले.

पण दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत घालून ती शेडमध्ये घेऊन गेले, आणि संध्याकाळी परत आणली तेव्हा नेमक्या त्या पानावर तेलकट बोटांचे पाच-सहा ठसे होते. कॉलेजात ती तशीच जमा केली. परीक्षकांनी ठशांबद्दल विचारलं. मजकुराबद्दल काही विचारलं नाही.